मांडा फाटत का नाही?

पुण्याच्या भीमथडी जत्रेत किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये खान्देशी मांड्यांची चूल पेटली की भोवती कोंडाळं जमतं. बांगड्या कोपराकडे सारून बाई पुरण भरलेली जाड पुरी उचलते, ती या हातावरून त्या हातावर टाकत जाते, आणि बघता बघता पुरी कोपरापर्यंत लोंबू लागते. तेवढ्यात गर्दीतून प्रश्न येतोच : ‘‘ताई, फाटत कसा नाही हो हा?’’

‘‘सवय आहे,’’ एवढंच उत्तर बहुधा मिळतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. कितीही सरावलेल्या हाताला बाजारच्या जाडसर पिठाची, आत्ताच भिजवलेली कणीक द्या. मांडा होणार नाही. खान्देशातल्या अमळनेरच्या कुठल्याही जाणत्या सुगरणीला विचारलं तर ती सांगेल की मांड्याची तयारी आदल्या रात्री गव्हापासून सुरू होते. हातावरचा खेळ दिसतो म्हणून तोच लक्षात राहतो. न दिसणारं काम त्याच्या आधी होऊन गेलेलं असतं. या प्रकरणात ते काम पायरीपायरीने पाहू. प्रत्येक पायरीमागचं कारण कळलं, तर चूल नसलेल्या घरात यातलं काय सोडता येईल आणि काय सोडता येणार नाही, हेही आपोआप कळेल.

१. मांडा कशाला म्हणायचं?

खान्देशात, म्हणजे जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात, मांडा म्हणजे खापरावर भाजलेली, हातावर मोठी केलेली पातळ पुरणपोळी. पोळपाटावर लाटलेली पुरणपोळी तव्याच्या मापाची असते. मांड्याला पोळपाट पुरत नाही. ताटात मांड्याबरोबर कटाची झणझणीत रशी, भात, कुरडई, पापड आणि भजी असतात. वैशाखात आमरस असला की पाहुण्याला उठवणं कठीण.

बेळगावकडेही मांडे करतात, पण ते वेगळे. त्यांत पुरण नसतं, साखरेचं सारण असतं; गरम असताना घडी घालून ते कुरकुरीत ठेवतात आणि लग्नकार्यात रुखवतात मांडतात. आपला विषय आहे तो मऊ, पुरणाचा खान्देशी मांडा.

पदार्थ जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, म्हणजे सुमारे ११३० मध्ये, ‘मंडक’ येतो. धुऊन वाळवलेला गहू दळायचा, पीठ बारीक चाळायचं, गोळे हाताने पसरायचे आणि तापलेल्या खापरावर भाजायचे, अशी त्याची रीत. जवळजवळ नऊशे वर्षांत कृतीचा सांगाडा फारसा हललेला नाही.

लोकांच्या आठवणीतला मांडा मात्र राजाच्या ग्रंथातला नाही, मुक्ताबाईचा आहे. ज्ञानेश्वरांना मांडे खावेसे वाटले. विसोबा चाटीने कुंभारांना दम देऊन खापर मिळू दिलं नाही. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तिच्यावर मांडे भाजले, अशी ती आख्यायिका. मुक्ताबाईचं समाधिस्थान जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगर परिसरात आहे, त्यामुळे खान्देशाला ही गोष्ट घरची वाटते. स्वयंपाकाच्या अंगाने पाहिलं तर गोष्टीत एक नेमकी माहिती दडलेली आहे : घरात पीठ होतं, पुरण होतं, करणारी होती, तरी मांडा अडला तो खापरापाशी. तव्यावर भागवू, असं कुणी म्हटलं नाही. खापरात असं काय आहे, ते पुढे येईलच. आधी गहू.

२. गहू ओलवतात कशासाठी?

मांड्याचा गहू जुन्या रीतीने आदल्या दिवशी पाण्याचा हात लावून, फडक्यात झाकून ठेवतात. याला गहू ओलवणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो दळून आणतात आणि पीठ चाळणीने न चाळता पातळ कापडातून गाळतात. हे वस्त्रगाळ पीठ हाताला पावडरीसारखं लागतं.

कोरड्या दाण्याला पाणी लावून काय होतं? गव्हाच्या दाण्याला बाहेरून कोंड्याचं आवरण असतं आणि आत पांढरा गर. कोरडा गहू दळला की कोंडा ठिसूळ असल्यामुळे गराबरोबर त्याचाही भुगा होतो आणि मग तो कुठल्याही चाळणीतून खाली उतरतो. पाणी मुरलेला कोंडा चिवट होतो. जात्यात त्याचा भुगा होत नाही, मोठे पापुद्रे निघतात आणि कापडावर अडकून राहतात. मैद्याच्या मोठ्या गिरण्यांतही दळण्याआधी गहू मोजून ओलवतात, ते याच कारणासाठी.

कोंड्याशी वैर का, तर त्याच्या कणांना धारदार कडा असतात. पोळी जाड असेल तर कोंडा चालतो, पोटाला चांगलाही असतो. पण कणीक कागदासारखी पातळ ताणायची असेल, तर प्रत्येक कण तिथे चीर पाडू शकतो. मांड्याला पडणारं पहिलं भोक बहुधा असल्याच एखाद्या कणापाशी पडतं.

मग सरळ मैदा घ्यावा की! पुष्कळ घरांत हल्ली तेच करतात. कुणी निव्वळ मैदा घेतं, कुणी त्यात बारीक चाळलेली कणीक मिसळतं. मांडा होतो. घरच्या वस्त्रगाळ पिठाला ताज्या दळणाचा जो वास आणि चव असते, तेवढी कमी पडते.

३. कणकेतलं जाळं

भाकरी थापावी लागते, ताणता येत नाही. ज्वारीचा गोळा दोन्हीकडून ओढून पाहा, तो तुटतो. गव्हाचा गोळा लांबतो. फरक प्रथिनांचा आहे.

गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि कणीक मळली की ती एकमेकांना धरून राहतात आणि ग्लुटेन नावाचं जाळं तयार होतं. पिंजलेल्या कापसाचे तंतू सुटे असतात तोवर फुंकरीने उडतात, पण ओढून पीळ दिला की त्यांचंच भार पेलणारं सूत होतं. कणीक तिंबताना प्रथिनांचं असंच काहीसं होतं. त्यातलं ग्लायडिन कणकेला लांबू देतं, ग्लुटेनिन तिला मागे खेचतं.

हे जाळं डोळ्यांनी पाहता येतं. लिंबाएवढा कणकेचा गोळा अर्धा तास ठेवा, मग पाण्याच्या वाटीत हलक्या हाताने चोळत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होईल. ते पिठातलं स्टार्च. पाणी तीन-चारदा बदलल्यावर हातात लहानसा, पिवळसर, चिवट गोळा उरेल. तेच ग्लुटेन. ज्वारीच्या गोळ्याचा हा प्रयोग केला तर हातात काहीच उरत नाही.

आता मांड्याच्या कणकेचे नियम एकेक करून घेऊ.

सैल भिजवणं : पोळीच्या कणकेपेक्षा मांड्याची कणीक बरीच सैल असते. अर्धा किलो पिठाला सव्वातीनशे मिलिलिटर पाण्यापासून सुरुवात करावी आणि मग पाण्याचा हात लावत तिंबत जावं. पाणी जास्त असलं की जाळं मोकळेपणाने लांबतं.

मीठ : चवीपुरतं वाटणारं मीठ जाळं घट्ट बांधतं. बिनमिठाची सैल कणीक चिकट होते आणि हातावर ओघळते.

तिंबणं : कणीक उचलायची, परातीत आपटायची, ओढून दुमडायची. सुरुवातीला ती बोटांना चिकटते. पंधरा-वीस मिनिटांत तिला तकाकी येते आणि ती परात सोडू लागते. एक चिमूट ओढून उजेडासमोर धरावी. न फाटता तिच्यातून उजेड दिसला की कणीक तयार.

मुरवणं : नुकती तिंबलेली कणीक ताणली की मागे जाते, कारण मळताना जाळ्यावर आलेला ताण तसाच असतो. दोन तास झाकून ठेवली की तो ओसरतो. ‘कणीक अजून बसली नाही, घाई करू नको माय,’ असं सासू सुनेला सांगते ते एवढ्याचसाठी. या टप्प्यावर वाचवलेली वीस मिनिटं पुढे फाटलेल्या मांड्यांत मोजावी लागतात.

तेल : मुरायला ठेवताना कणकेवर तेलाचा थर देतात. त्याने वरची कातडी सुकत नाही. सुकलेल्या कातडीला लांबता येत नाही, ती तडकते. खान्देश भुईमुगाचा प्रदेश, त्यामुळे हे तेल शेंगदाण्याचं. स्निग्ध पदार्थांशी अमळनेरचं नातं तसं जगजाहीर आहे. १९४५ मध्ये एम. एच. प्रेमजींनी इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली आणि वनस्पती तुपाचं उत्पादन सुरू केलं. तीच पुढे विप्रो झाली. मांड्याच्या कणकेला मात्र पातळ तेलच लागतं. घट्ट वनस्पती थंड झालं की गोठतं, आणि गोठलेला थर कणकेबरोबर सरकत नाही.

४. पुरण : मऊपणा बरोबरीचा

साध्या पुरणपोळीत पुरण थोडं घट्ट असलं तरी लाटण्याच्या दाबाने ते पसरतं. मांड्यात लाटणं जवळजवळ नाहीच. ताणताना कणकेबरोबर पुरणालाही पसरावं लागतं. म्हणून मांड्याचा सगळ्यांत महत्त्वाचा नियम हा : पुरण आणि कणीक हाताला सारखीच मऊ लागली पाहिजेत. पुरण घट्ट असेल तर कणीक पुढे जाते, पुरण मध्ये गोळा होऊन बसतं आणि त्याच्या कडेला मांडा फाटतो. पुरण सैल असेल तर ते कडेकडे वाहतं आणि उलटताना बाहेर येतं.

हा मऊपणा साधायला तीन गोष्टी लागतात. पहिली, डाळ गोड घालण्याआधी पूर्ण शिजलेली असावी. साखर किंवा गूळ पडला की अर्धी कच्ची डाळ पुढे मऊ होत नाही, कारण साखर पाण्याला धरून ठेवते आणि गुळातली आम्लं व कॅल्शियम दाण्याची भिंत घट्ट करतात. दुसरी, कट पूर्ण निथळावा. त्यात दुहेरी फायदा आहे, कारण रशीला तोच कट लागतो. तिसरी, पुरण यंत्रातून दोनदा काढावं. डाळीचं एक अख्खं दल राहिलं तरी ते कोंड्याच्या कणाचंच काम करतं.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. अर्धा किलो हरभरा डाळ शिजून, निथळून साधारण एक किलो भरते. त्यात अर्धा किलो साखर किंवा गूळ घालून आटवलं की सव्वा ते दीड किलो पुरण होतं. वेलदोडा आणि जायफळ शेवटी घालावं, नाहीतर आटवताना वास उडून जातो.

५. हातावरचं गणित

आता त्या प्रश्नाकडे येऊ. कणकेच्या दोन पुऱ्या करतात, एकीवर पुरण पसरून दुसरी झाकतात आणि कडा दाबून बंद करतात. पोळपाटावर किंचित मोठी केली की ती हातावर जाते.

ती किती ताणली जाते? समजा पुरी २० सेंटिमीटर व्यासाची आहे आणि मांडा ४५ सेंटिमीटरचा. व्यास सव्वादोनपट झाला. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं : २.२५ गुणिले २.२५, म्हणजे पाचपट. ऐवज तेवढाच असल्याने जाडी एक पंचमांश झाली. पुरी एक सेंटिमीटर जाड होती असं धरलं, तर मांडा दोन मिलिमीटरचा. या दोन मिलिमीटरमध्ये कणकेचा खालचा थर, पुरण आणि कणकेचा वरचा थर असे तिन्ही बसायचे आहेत. म्हणजे कणकेच्या एका थराच्या वाट्याला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर येतो. एवढ्या पातळ थरात कोंड्याच्या कणाची भीती का वाटते, ते आता पटेल.

हाताचं कौशल्य दोन गोष्टींत असतं. एक, बोटांची टोकं वापरायची नाहीत. नख आणि टोक एका बिंदूवर भार टाकतं. तळहात आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग तोच भार पसरून घेतो. म्हणूनच बांगड्या आधी वर सरकतात. दोन, मांडा सतत फिरता ठेवायचा. प्रत्येक झेलीत मांड्याचं स्वतःचं वजन त्याला खाली ओढतं आणि थोडंसं लांबवतं. जागा बदलत राहिल्यामुळे हा ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. एकाच जागी लोंबू दिलं तर तिथे पातळ होऊन फाटणारच. गर्दीला जो वेग दिसतो तो दाखवण्यासाठी नसतो. थांबलं तर बिघडतं, म्हणून वेग.

६. खापर का हवं?

खापर म्हणजे कुंभाराने घडवलेलं मातीचं पसरट, खोलगट भांडं. ते चुलीवर उपडं ठेवतात आणि त्याच्या घुमटाकार पाठीवर मांडा पडतो. यात दोन फायदे आहेत, एक आकाराचा आणि एक मातीचा.

आकाराचा असा की जाळ पोकळीत कोंडून राहतो आणि सगळ्या घुमटाला तापवतो. शिवाय हातावरचा मांडा मुळात लोंबता असतो. सपाट तव्यावर टाकला तर त्याच्या चुण्या पडतात, घुमटावर तो स्वतःच्या वजनाने चोपून बसतो. रुमाली रोटी करणारे कढई उपडी घालतात, तेही यासाठीच.

मातीचा फायदा जास्त मोलाचा. लोखंड उष्णता झटकन देतं, माती सावकाश देते. तितकंच तापलेलं लोखंड आणि तितकंच तापलेलं खापर घेतलं तर लोखंडावर कणकेची खालची बाजू आधी करपते. पातळ मांड्यात साखर पृष्ठभागाच्या अगदी जवळ असते आणि साखर लवकर काळी पडते. खापरावर कणीक शिजायला आणि पुरणाची वाफ व्हायला पुरेसा अवधी मिळतो. मांडा उलटून दुसरी बाजू भाजली की लगेच घडी घालायची. गार झाल्यावर घडी घातली तर तो मोडतो.

खान्देश कापसाचा असल्याने चुलीत पऱ्हाट्या असतात. त्या भसकन पेटतात आणि लवकर विझतात, म्हणून जाळ कमीजास्त करणारी दुसरी बाई लागते. नवीन खापर पहिल्यांदा मंद आचेवर तापवावं आणि तापलेल्या खापराला पाणी कधीही लावू नये. एक भाग आक्रसतो, दुसरा नाही, आणि खापराला तडा जातो.

७. दुसऱ्या मुलखातली भरलेली पोळी

गोड सारण भरलेली कणीक जगात अनेक घरांची ओळख आहे. चेक लोकांच्या घरी ‘कोलाच’ असतात. यीस्ट घालून फुगवलेल्या दूध-लोण्याच्या कणकेच्या गोल पावाला मध्ये खळगा करायचा, त्यात खसखस, आटवलेला आलुबुखार किंवा पनीरसारखा ताजा चक्का भरायचा आणि भट्टीत भाजायचं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या चेक कुटुंबांनी ही रीत बरोबर नेली. वेस्ट नावाच्या तिथल्या गावात आजही बेकऱ्या कोलाच विकतात.

त्याच मध्य युरोपात एक दुसरा पदार्थ मांड्याच्या अधिक जवळचा आहे : पातळ ताणलेल्या कणकेत सफरचंद गुंडाळलेला स्ट्रुडेल, ज्याला चेक ‘झाविन’ म्हणतात. तिथल्या बायकाही कणकेला तेल लावून मुरवतात, पीठ भुरभुरलेल्या चादरीवर नखं आड येऊ नयेत म्हणून हातांच्या मागच्या बाजूने ती ताणतात, आणि अंगठ्या काढून ठेवतात. एकमेकींना न ओळखणाऱ्या या दोन स्वयंपाकघरांत नियम सारखेच निघाले, कारण गहू तोच आणि त्याचं जाळंही तेच.

फरक सारण कधी भरायचं यात आहे. कोलाचमध्ये ते खळग्यात वरून येतं. स्ट्रुडेलमध्ये कणीक ताणून झाल्यावर येतं. मांड्यात ते ताणण्याच्या आधीच आत असतं. म्हणून स्ट्रुडेलवाल्या घरी सफरचंदाच्या फोडी चालतात, आपल्याला डाळीचं एक दलही चालत नाही.

८. आखाजीची शाळा

मांड्यांचा मुख्य सण आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. रब्बीचा गहू आणि हरभरा तोवर घरात आलेला असतो आणि आंबा पिकू लागलेला असतो. पितरांना घागर भरून नैवेद्य दाखवला जातो, गौराई बसलेली असते, लिंबाला झोके बांधलेले असतात आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या असतात. अमळनेरला याच दिवसांत बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. म्हणजे पाहुण्यांचा राबता पंधरवडाभर थांबत नाही.

शिकणं शिकवणं होतं ते याच गर्दीत. एकटीने मांडे होत नाहीत : एक पुरण वाटते, एक पुऱ्या भरते, एक हातावर घेते, एक जाळ सांभाळते. नवशिकी मुलगी आधी जाळावर बसते, मग पुऱ्या भरायला, आणि बऱ्याच आखाज्यांनंतर तिच्या हातावर पहिली पुरी येते. फाटलेला मांडा वाया जात नाही, तो घडी घालून घरच्याच ताटात जातो. त्यामुळे चुकायला मुभा असते, आणि सराव तिथेच होतो.

हे कौशल्य आता घराबाहेरही आलं आहे. बचत गटांच्या बाया शहरांतल्या जत्रांमध्ये मांडे विकतात. आखाजीला फुकट लागणारा हात तिथे रोजगार होतो. रीत टिकण्याचा हा एक खात्रीचा मार्ग आहे, कारण आठवणीने वर्षातून एकदा होणारं काम विसरलं जातं, पण पोट ज्यावर चालतं ते काम विसरलं जात नाही.

९. फ्लॅटमध्ये करायचे तर

आता सगळे नियम एकत्र पाहू.

सोडता येतं ते : चूल. गॅसच्या मोठ्या शेगडीवर खापर चालतं, फक्त सावकाश तापवावं. घरचं दळण सोडता येतं, मैद्याने भागतं. आकारही सोडता येतो. ३० सेंटिमीटरचा मांडा म्हणजे क्षेत्रफळात पाचपटीऐवजी सव्वादोनपटच ताण. नवशिक्याला तेवढा झेपतो आणि उलटायलाही सोपा जातो. खापर मिळालं नाही तर जाड लोखंडी कढई उपडी घालून, आच कमी ठेवून काम होतं. मांडा थोडा कडक होतो, एवढंच.

सोडता येत नाही ते : बारीक, बिनकोंड्याचं पीठ, मीठ आणि भरपूर तिंबणं, दोन तासांचं मुरणं, गोड घालण्याआधी पूर्ण शिजलेली डाळ, आणि पुरण-कणकेचा सारखा मऊपणा. यातलं एकही चुकलं तर हात कितीही सरावाचा असो, मांडा फाटेल.

पाहणाऱ्यांना जी गोष्ट सगळ्यांत अवघड वाटते, ते हातावरचं फिरवणं, या दुसऱ्या यादीत नाही. ते सरावाने येतं. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने हाताची काळजी सोडून घड्याळाकडे पाहावं आणि कणीक पुरते दोन तास झाकून ठेवावी.